घटक सात : स्वानुभव

यंत्र आलं ते बिस्किटाच्या पुड्याएवढ्या खोक्यातून. मुख्याध्यापक दळवी सरांनी ते उघडलं, आतली काळी डबी उलटसुलट करून पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली.

"ही एवढीशी वस्तू ठरवणार, आपली शाळा राहणार की जाणार?"

"वस्तू नाही सर, पाहुणे ठरवणार," संजीवनी चौगुले म्हणाली. "वस्तू फक्त मोजणार."

दांडसडा हे घाटमाथ्यावरचं गाव. शाळा आठवी ते बारावी आणि पटावर मुलं चौऱ्याहत्तर. शंभराच्या खाली पट गेलेल्या शाळा २०३६ पर्यंत मोठ्या शाळांत विलीन करायच्या, असा आदेश आला होता. मोठी शाळा घाटाखाली, अठ्ठावीस किलोमीटरवर. तिथवर मुली जाणार नाहीत, हे गावात कुणालाही विचारलं तरी सांगितलं असतं. सुटकेची एकच वाट होती. अकरावी-बारावीला व्यवसाय अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळांना आदेशातून वगळलं होतं. दांडसड्याला पर्यटक येत होते, म्हणून संजीवनीनं 'प्रवास व पर्यटन' या विषयाचा प्रस्ताव केला. ती भूगोलाची शिक्षिका. गडहिंग्लजची, पण नऊ वर्षं याच गावात खोली घेऊन राहत होती, आणि नऊही वर्षं कंत्राटावर.

तयारीत सगळा उन्हाळा गेला. संगणकाच्या खोलीत प्लायवूडचं काउंटर उभं राहिलं. त्यामागे भिंतीवर पाच शहरांच्या वेळा दाखवणारी पाच घड्याळं लागली. विद्यार्थ्यांसाठी निळे कोट शिवून आले. आरक्षण कसं घ्यायचं, तक्रार कशी ऐकायची, पाहुण्याला उलटी झाली तर काय करायचं, हे सगळं संजीवनी आधी स्वतः शिकली आणि मग वीस मुलांना शिकवलं. राहिली होती ती प्रात्यक्षिक परीक्षा. ती ही डबी घेणार होती.

प्रवासविद्या परिषदेचे करंदीकर नावाचे तरुण अधिकारी ती बसवायला आले. त्यांनी वर्गातच डबी दळवी सरांच्या समोर धरली. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला : एकशे चार.

"सरांचे ठोके," करंदीकर म्हणाले. "सर, टेन्शन घेऊ नका."

मुलं हसली. सरांनी नकळत छातीवर हात ठेवला. अंगाला काही न लावता यंत्रानं ठोके कसे मोजले, हे कुणालाच कळेना.

करंदीकरांनी समजावून सांगितलं. हृदय आकसतं तेव्हा रक्ताची एक लाट चेहऱ्यापर्यंत येते. कातडीखालच्या केसाहून बारीक वाहिन्या भरतात. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे कपाळ आणि गाल त्या क्षणी कणभर गडद होतात आणि पुढच्या क्षणी पूर्ववत. आपल्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्याच कॅमेऱ्याला पापण्या किती लवल्या, बाहुल्या किती फाकल्या, श्वास कुठे अडकला तेही दिसतं. माणूस ऐकण्यात गुंतला की हे सगळं बदलतं. आणि दहा माणसं एकाच गोष्टीत गुंतली की त्यांच्या नाड्या हळूहळू एका तालात येऊ लागतात. या सगळ्याचा हिशेब करून यंत्र शून्य ते शंभर असा एक अंक देतं. तन्मयता-अंक.

"पूर्वी बाहेरचा परीक्षक यायचा, जेवायचा आणि सगळ्यांना ऐंशी मार्क देऊन जायचा," करंदीकर म्हणाले. "त्या प्रमाणपत्राला कुणी विचारायचं नाही. आता तसं नाही. पाहुणा तोंडानं खोटं बोलेल, त्याची कातडी बोलणार नाही."

अट सोपी होती. वीस मुलांनी तीन महिने खऱ्या पाहुण्यांना गाव दाखवायचं. शेवटच्या महिन्यात सगळ्यांची मिळून सरासरी पासष्टच्या वर आली, तर शाळेला मान्यता.

मुलांनी दोन दिवसांत त्या डबीचं नाव 'तन्मय' ठेवलं.

पहिल्या महिन्याची सरासरी अठ्ठेचाळीस आली.

सगळ्यात कमी अंक ईश्वरी गवसचे होते, आणि संजीवनीला त्याचंच वाईट वाटलं. अकरावीतली ईश्वरी तिची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. सड्यावरचं, म्हणजे गावाभोवतीच्या कातळपठारावरचं, प्रत्येक झुडूप तिला नावानं ठाऊक. पाहुण्यांना ती जांभ्या दगडावर उकिडवं बसायला लावायची आणि नखाएवढं लाल रोपटं दाखवायची. त्याच्या पानांवर चिकट थेंब असतात, मुंगी चिकटली की पान हळूहळू मिटतं आणि मुंगी पचवून टाकतं. इथल्या दगडात नत्र नाही, म्हणून या रोपाला शिकार करावी लागते, असं सांगताना तिचे डोळे चमकायचे. पाहुणे वाकून बघायचे, "वॉव" म्हणायचे, फोटो काढायचे. तन्मय एक्केचाळीस द्यायचा.

"मॅडम, ते वॉव म्हणाले होते," ईश्वरी म्हणायची.

"माहीत आहे गं. पण त्यांची नाडी नाही म्हणाली."

नोव्हेंबरच्या एका सकाळी संजीवनी तिच्या गटाबरोबर वाऱ्याच्या कड्यावर गेली. हा कडा पाचशे फूट सरळ खाली जातो. पावसाळ्यात दरीतला वारा इतका जोरात वर येतो, की पडणारं पाणी उलटं आकाशात उडतं. त्या दिवशी तिथे पाणी नव्हतं, नुसता कठडा आणि धुकं. गटातल्या एका बाईंना कठड्याबाहेर, खडकात ठोकलेली गंजकी कडी दिसली.

"ही कशासाठी?"

ईश्वरीनं आधी दरीत पाहिलं. मग म्हणाली, "दोर बांधायला."

"कसला दोर?"

"इथून माणसं पडतात. फोटो काढताना. त्यांना वर आणायला माझे बाबा खाली उतरायचे. अकरा वेळा उतरले. बाराव्या वेळी त्या कडेवर घासून दोर तुटला." तिनं बोटानं कड दाखवली. "दुसऱ्या दिवशी दोघांनाही वर आणलं. बाबांना आणि त्या पर्यटकाला. मी आठवीत होते."

तिला रडू आलं आणि ती दरीकडे तोंड करून उभी राहिली. त्या बाई रडत होत्या.

संजीवनी मागे उभी होती. कठड्यावर ठेवलेली डबी पाहुण्यांचे चेहरे टिपत होती आणि संजीवनीच्या हातातल्या टॅबवर अंक चढत होता. एकोणसत्तर. ऐंशी. त्र्याण्णव. दहा पाहुण्यांच्या नाड्यांच्या दहा रेषा एकमेकींवर येऊन जणू एकच रेष झाली होती.

तिनं आधी काय करायला हवं होतं, हे तिच्या मनात नंतर पुष्कळदा आलं. पुढे होऊन त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. तो तिनं ठेवला. पण आधी आकडा बघून झाल्यावर.

चार दिवस तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर ईश्वरीला थांबवून घेतलं.

"त्या दिवशी जे बोललीस, ते पुन्हा बोलशील? फक्त कड्यावर. बाकी रोपं, बेडूक, सगळं आहेच."

ईश्वरीनं थोडा विचार केला. "त्यानं शाळा राहील?"

"राहू शकेल."

"मग बोलेन."

मुलगी अठरा वर्षांची नव्हती, त्यामुळे आईची सही लागत होती. ईश्वरीची आई रेश्मा शाळेतच पोषण आहार शिजवायची. गावात नवीन आलेल्या संजीवनीला पहिल्या पावसाळ्यात टायफॉइड झाला, तेव्हा या बाईनं वीस दिवस तिला पेज करून घातली होती. तेव्हापासून गवसांचं घर तिला परकं नव्हतं. रेश्माचा नवरा रुपेश गेला त्या दिवशी तिला धरून बसलेली संजीवनीच होती.

रेश्मा चुलीपुढे होती. संजीवनीनं चार पानी संमतीपत्र पुढे केलं.

"ध्वनिमुद्रण करतात, त्याला हरकत नाही असं लिहिलंय. अभ्यासासाठी वापरतील."

"माका वाचूक येता," रेश्मा हसून म्हणाली, "पण एवढा वाचीत बसलंय तर भात करपतलो. तुमी सांगतास म्हणजे बराच असतला."

ओल्या हाताचा पदराला पुसलेला अंगठा आणि तर्जनी, त्यांत धरलेलं पेन. चार पानांवर चार सह्या. संजीवनीनं मुलगी नेमकं काय बोलणार हे तिला सांगितलं नाही. सांगायचं म्हणूनच आली होती. मग मनात म्हणाली, नंतर सांगू.

पुढच्या दोन आठवड्यांत ईश्वरीचा अंक ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी आला. मग एकोणसत्तर. आणि एक दिवस छप्पन्न.

"मॅडम, मला रडू येईना," ती म्हणाली. "आधी आपोआप यायचं. आता मी बोलायला लागते आणि मला पुढचं वाक्य दिसतं."

यंत्राबरोबर एक मार्गदर्शक आज्ञावलीही होती. कोणत्या शब्दाला पाहुण्यांचा श्वास अडकला, कुठे लक्ष सुटलं, ते ती सेकंदागणिक दाखवायची आणि सूचना करायची. 'बाराव्या वेळी' नंतर तीन सेकंद थांबावे. पर्यटकाचा उल्लेख गाळावा, त्यानं ऐकणाऱ्यांच्या मनात अपराधभाव येतो आणि अंक उतरतो. शेवटी एखादे प्रत्यक्ष उद्गार असल्यास उत्तम.

संजीवनी आणि ईश्वरी रिकाम्या वर्गात समोरासमोर बसल्या. तीन सेकंद थांबण्याचा सराव झाला. पर्यटक गेला.

"बाबांकडे वॉकीटॉकी होता ना?" संजीवनीनं विचारलं. "शेवटी काही बोलले होते?"

"नाही. खाली रेंजच नव्हती."

"बोलले असते, तर काय बोलले असते?"

हा प्रश्न विचारला तेव्हा वर्गात ऊन होतं, बाहेर मैदानावर कबड्डी चालली होती. अगदी साधा दिवस होता. ईश्वरी बाकावर नखानं रेघा ओढत बसली.

"घरी जायच्या वेळी ते आईला नेहमी फोन करायचे. म्हणायचे, भात झाकून ठेव, मी येतोच."

"तेच," संजीवनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तन्मयनं ईश्वरीला सत्त्याण्णव दिले.

मग संजीवनी थांबली नाही. वीसही मुलांना एकेक करून बोलावून घेऊ लागली. तुझ्या घरी काय झालं होतं? कुणाचा भाऊ गोव्याला कामाला जाऊन परतलाच नव्हता. कुणाची बहीण बाळंतपणात, घाटात दरड पडल्यामुळे गाडीतच गेली होती. एका मुलाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, तर त्यानं विहिरीत पडलेल्या म्हशीचं सांगितलं, आणि म्हशीनंसुद्धा एकसष्ट मिळवले.

जानेवारीत सरासरी बाहत्तर आली. मान्यतेचं पत्र आलं त्या दिवशी दळवी सरांनी सगळ्या शाळेला जिलबी वाटली. रेश्मानं संजीवनीच्या हातावर दोन जास्तीच्या ठेवल्या. संजीवनीच्या नोकरीचा कागदही त्याच महिन्यात आला. ती कायम झाली.

ऑगस्टमध्ये रुपेशची तिथी होती. संजीवनीला दरवर्षीप्रमाणे जेवायचं आमंत्रण होतं. मुंबईहून रुपेशचा थोरला भाऊ आणि भावजय आली होती. वडे तळून झाले होते, काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास घरभर होता. पानं मांडून झाल्यावर काका पुतणीला कौतुकानं म्हणाले, "तू म्हणे कड्यावर लोकांका तुझ्या बापाशीची गोष्ट सांगतस. माणसा रडतत म्हणे. आमकाय सांग बघया."

"काका, नको," ईश्वरी म्हणाली.

"अगो, आमी काय परके?"

तिनं संजीवनीकडे पाहिलं. संजीवनीनं मान खाली घातली. ईश्वरी भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं सुरुवात केली. प्रमाण मराठीत, स्वच्छ उच्चारात. अकरा वेळा उतरले. बाराव्या वेळी. मग ती थांबली. संजीवनीनं मनातल्या मनात मोजलं. एक, दोन, तीन. बरोबर तीन सेकंद. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"वॉकीटॉकीवर त्यांचे शेवटचे शब्द आले," ईश्वरी म्हणाली. "रेश्माला सांग, भात झाकून ठेव, मी येतोच."

रेश्मा खिरीचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ते खाली ठेवलं.

"कधी बोलले ते?"

काकूंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"ईश्वरी, कधी बोलले? माझा नाव घेतल्यानी?" ती पुढे आली. चेहऱ्यावर असं काही उमललं होतं, की संजीवनीनं ते चार वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. "चार वर्सां झाली. माका कोणी सांगूक नाय. तू माका कित्याक सांगूक नाय गो?"

"आये..."

"त्या दिवशी ते माझ्याशी भांडान गेले होते. च्या घेवक नाय. म्हटला, त्या मेल्या माणसासाठी कित्याक उतरतास, घरात पोर असा. बोलले नाय, तसेच गेले. माका वाटला रागातच..." तिचा श्वास वर चढला. "म्हणजे राग नव्हतो. भात झाकून ठेव म्हणाले."

ईश्वरीच्या हातांची बोटं एकमेकांत गुंतली होती.

"आये, ते बोलले नाय," ती म्हणाली. "तां पाहुण्यांसाठी असा."

रेश्माला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा ती तिथेच खाली बसली. रडली नाही. थोड्या वेळानं उठली, खिरीचं भांडं उचललं आणि सगळ्यांच्या पानांत खीर वाढली. संजीवनीच्या पानातसुद्धा.

सप्टेंबरमध्ये परिषदेनं राज्यातल्या शिक्षकांसाठी पुण्यात प्रशिक्षण ठेवलं. चाळीस शाळा नव्यानं हा अभ्यासक्रम सुरू करणार होत्या. दांडसड्याची शाळा आदर्श म्हणून निवडली होती आणि संजीवनीला व्यासपीठावर खुर्ची होती. सगळ्यांना नवं पाठ्यपुस्तक मिळालं. त्यातला सातवा घटक नवीन होता : स्वानुभव.

त्याचा नमुना पाठ सादर करायला मराठवाड्यातली एक तरुण शिक्षिका उभी राहिली. चांगली, मन लावून काम करणारी बाई दिसत होती. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "या तलावात माणसं बुडतात. त्यांना काढायला माझे बाबा उतरायचे. अकरा वेळा उतरले. बाराव्या वेळी..."

ती थांबली. तीन सेकंद.

"त्यांचे शेवटचे शब्द होते, आईला सांग, भाकरी झाकून ठेव, मी येतोच."

सभागृहात टाळ्या झाल्या. पडद्यावर अंक आला : ब्याण्णव. चहाच्या सुट्टीत संजीवनीनं त्या बाईंना गाठून विचारलं. त्यांचे वडील लातूरला होते, पोस्टातून निवृत्त झालेले, ठणठणीत.

ती करंदीकरांकडे गेली.

"हे माझ्या विद्यार्थिनीचं आहे."

"हो, मूळ नमुना तुमच्याकडचाच," करंदीकर आनंदानं म्हणाले. "पण काळजी करू नका, नाव-गाव सगळं काढलंय. आपल्याकडे सहा हजार नमुने आले होते मॅडम. त्यांत सगळ्यात जास्त अंक याचा. यंत्रानं त्याची रचना वेगळी काढून दिली. स्थळ बदला, पदार्थ बदला, कुठेही चालतं."

"त्यातलं शेवटचं वाक्य खरं नाही. ते मी घालायला लावलंय."

"खरं-खोटं यंत्र मोजत नाही," ते म्हणाले. "पाहुणा तन्मय झाला, हे मात्र खरं."

"मला ते मागे घ्यायचंय."

करंदीकरांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी नियम सांगितला. संमती पालकाला मागे घेता येते. पण शाळेची मान्यता ज्या नमुन्यांवर मिळाली, त्यांतला एक काढला तर सरासरी पुन्हा काढावी लागेल. तोवर मान्यता स्थगित. "आणि मॅडम, पुस्तक छापलं गेलंय," ते हळूच म्हणाले. "तुमच्या शाळेचं नुकसान होईल, बाकी काही व्हायचं नाही."

दळवी सरांनी सगळं ऐकून घेतलं. पट आता शहाण्णव झाला होता. खालच्या वाड्यांतल्या मुली येऊ लागल्या होत्या.

"मी तुम्हाला थांबवणार नाही," सर म्हणाले. "पण त्या शहाण्णव जणांना तुम्हीच सांगा."

संजीवनी गवसांच्या घरी गेली. रेश्मा ओट्यावर तांदूळ निवडत होती. आत या, असं तिनं म्हटलं नाही. संजीवनीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. या वेळी काहीही न लपवता. पुण्यातल्या त्या बाईंचं, तलावाचं, भाकरीचं. मग संमती मागे घ्यायचा कागद पुढे केला.

रेश्मानं तो घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. तिला बराच वेळ लागला.

"माझी सही झाली तर शाळा बंद?"

"होऊ शकते."

तिनं कागद परत दिला.

"शाळा चालू रवांदे," ती म्हणाली. "त्या पोरींचो काय दोष? पण मॅडम, तुमी परत आमच्या घराक येव नका."

ईश्वरी त्या वर्षी बारावीत राज्यात पहिली आली. वनस्पतिशास्त्र घेऊन कोल्हापूरला शिकायचं, असं तिचं आणि संजीवनीचं कधीपासून ठरलं होतं. अर्जही भरून ठेवला होता. पण निकालानंतर घाटातल्या एका मोठ्या रिसॉर्टनं तिला पाहुण्यांना फिरवायच्या कामावर बोलावून घेतलं आणि ती गेली. निघताना शाळेत दाखला न्यायला आली, तेव्हा संजीवनी तिला म्हणाली, "असं करू नकोस. तुला झाडांचं करायचं होतं."

"झाडांना एक्केचाळीस मिळतात, मॅडम."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. संजीवनीला तो असता तर बरं वाटलं असतं.

"आईला आता मी घरात असलेली सोसवत नाही," ईश्वरी म्हणाली. "मी काही बोलायला लागले, की ती बघत राहते. मी कधी थांबते, ते बघते. परवा मला ताप आला होता. मी म्हटलं, आये, डोकं दुखतंय. तर म्हणाली, खरंच?"

संजीवनीनं दाखल्यावरची सरांची सही तपासली आणि तो तिच्या हातात दिला.

जूनमध्ये अकरावीची नवी तुकडी आली. या वेळी वीस जागांना त्रेपन्न अर्ज होते. दुसऱ्या तुकडीला परवानगी मिळाली. संगणकाच्या खोलीत निळ्या कोटांतली चाळीस मुलं दाटीनं बसली होती. संजीवनीनं हजेरी घेतली आणि वर्षभरात काय काय शिकायचं ते सांगितलं. आरक्षण, स्वागत, प्रथमोपचार, नकाशावाचन, परिसराची माहिती. सातव्या घटकाशी आली तेव्हा तिनं फक्त नाव वाचलं आणि पुढे गेली.

तिसऱ्या बाकावर एक गोल चेहऱ्याची मुलगी होती. खालच्या वाडीतली, कोट तिला खांद्यांवर मोठा होत होता. तिनं पुस्तक आधीच वाचलेलं दिसत होतं. तिनं हात वर केला.

"मॅडम, सातव्या घटकाबद्दल विचारायचंय."

"विचार."

"ज्यांच्या घरी कुणीच मेलेलं नाही, त्यांनी काय सांगायचं?"

कुणी हसलं नाही. प्रश्न महत्त्वाचा होता. चाळीस मुलांनी वह्या उघडल्या आणि पेनं हातात घेऊन तिच्याकडे पाहिलं.

संजीवनीनं पुस्तक उघडलं, पान एकशे बारा काढलं आणि त्यावर दिलेलं उत्तर, स्थळ आणि पदार्थ बदलून वापरायचा तो नमुना, त्यांना लिहून घ्यायला सांगितलं.